उलटा ३ आणि अक्षर शिकणारा हात

चार-पाच वर्षांच्या मुलाने आपले नाव आरशात दिसावे तसे उजवीकडून डावीकडे लिहून दाखवले, किंवा ३ लिहायला सांगितल्यावर ६ काढला, की घरातली मोठी माणसे अस्वस्थ होतात. कोणी त्याचे खापर मुलाच्या धांदरटपणावर फोडते, कोणी लगेच डिस्लेक्सियाची शंका काढते, तर कोणी मूल डावखुरे असल्याचे निमित्त करून त्याला हात बदलायला लावते. असे उलटे लिहिणे सहा-सात वर्षांपर्यंत उजव्या हाताने लिहिणाऱ्या आणि पुढे उत्तम वाचणाऱ्या मुलांमध्येही सर्रास आढळते, त्यामुळे एवढ्या एका खुणेवरून केलेल्या या तिन्ही निदानांना आधार नाही. उलट्या अक्षरामागचे खरे कारण इतके सुंदर आहे, की घरी अक्षरे शिकवू पाहणाऱ्या प्रत्येक पालकाने ते समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते. घरी करायचे कोणते खेळ उपयोगी पडतील, हेही बऱ्याच अंशी त्याच कारणावरून ठरते.

टेबलावर ठेवलेल्या कपाचा कान डावीकडे असो वा उजवीकडे, तो कप तोच असतो. मांजर डाव्या बाजूने आले किंवा उजव्या बाजूने आले, तरी ते मांजरच असते. आपल्या पूर्वजांच्या दृष्टीने हा अभेद जिवावरचा प्रश्न होता, कारण डावीकडे तोंड करून उभा असलेला वाघ एकदा पाहिल्यावर उजवीकडे तोंड केलेला वाघ ओळखायला नव्याने शिकावे लागले असते, तर तेवढी सवड मिळाली नसती. म्हणून दृष्टीचे काम करणारा मेंदूचा भाग डाव्या-उजव्या प्रतिमांना एकच वस्तू मानतो. रोलेनहेगन आणि ओल्सन या संशोधकांनी २००० मध्ये माकडांच्या मेंदूतील एकेका चेतापेशीचे मापन करून दाखवले, की एखाद्या आकृतीला प्रतिसाद देणारी पेशी त्या आकृतीच्या डाव्या-उजव्या प्रतिमेलाही जवळपास तसाच प्रतिसाद देते, पण तीच आकृती वर-खाली उलटवली तर हे साम्य कमी होते. आपल्या सोयीसाठी या गुणाला ‘आरसा-अभेद’ म्हणू. मूल जन्मतःच हा गुण घेऊन येते आणि पहिली चार-पाच वर्षे तो त्याच्या उपयोगीच पडतो. मग एके दिवशी त्याच्यासमोर ३ आणि ६ ठेवले जातात आणि या दोन आकृत्या एक नाहीत असे त्याला सांगितले जाते. मुलाच्या दृष्टीने ही जगाच्या नियमाविरुद्ध जाणारी मागणी आहे.

ही मागणी मेंदू पुरी कशी करतो, हा प्रश्न मला सर्वांत विलक्षण वाटतो. लेखनकलेचे वय जेमतेम पाच हजार वर्षांचे आहे आणि त्यातही फार मोठ्या काळात वाचू शकणारी माणसे मूठभरच होती. एवढ्या अवधीत उत्क्रांतीने मेंदूत वाचनासाठी वेगळा कप्पा घडवणे शक्य नाही. तरीही प्रत्येक वाचणाऱ्या माणसाच्या मेंदूत, बहुतेकांच्या डाव्या गोलार्धाच्या तळाशी, जवळपास त्याच एका ठिकाणी, लिखित शब्दांना प्रतिसाद देणारी एक छोटी जागा सापडते. फ्रेंच मेंदुशास्त्रज्ञ ज्यूल देजेरीन यांनी १८९२ मध्ये अशा एका रुग्णाची हकिकत नोंदवली होती, ज्याला पक्षाघातानंतर स्पष्ट बोलता येत होते, समोरच्या वस्तू ओळखता येत होत्या, लिहिताही येत होते. मात्र स्वतः लिहिलेली ओळसुद्धा वाचता येत नव्हती. अक्षराच्या कडेवरून बोट फिरवले, की मात्र ते कोणते अक्षर आहे हे त्याला सांगता येई. डोळ्यांना बंद झालेले दार हाताला उघडे होते, हा तपशील लक्षात ठेवावा, कारण पुढे तो कामाला येणार आहे.

स्तानिस्लास देहान आणि लोराँ कोएन या दोघा फ्रेंच शास्त्रज्ञांचे म्हणणे असे, की वाचायला शिकताना मेंदू मुळात वस्तू आणि चेहरे ओळखणाऱ्या पेशींच्या प्रदेशातला काही भाग अक्षरांच्या कामाला लावतो. देहान यांच्या गटाने २०१० मध्ये ब्राझील आणि पोर्तुगालमधील ६३ प्रौढांच्या मेंदूंची तुलना प्रसिद्ध केली. त्यांच्यातील काही निरक्षर होते, काही मोठेपणी साक्षर झालेले होते आणि उरलेले लहानपणीच शाळेत गेलेले होते. वाचनाचे कौशल्य जितके अधिक, तितका या जागेचा अक्षरांना प्रतिसाद अधिक, असे त्यात दिसले. मोठेपणी साक्षर झालेल्यांमध्येही हा बदल घडलेला होता. पुढे २०११ मध्ये आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. वाचणाऱ्या माणसाच्या मेंदूतील ही जागा अक्षर आणि त्याची आरशातील प्रतिमा यांत भेद करते, पण वस्तूंच्या चित्रांच्या बाबतीत मात्र तसा भेद करत नाही. थोडक्यात, आरसा-अभेद मेंदूतून पुसला जात नाही. अक्षरांपुरता तो मोडावा लागतो, आणि तो मोडायला वेळ लागतो. उलटा ३ काढणारे मूल त्या वाटेवर अर्ध्यात असते.

हा अभेद किती मोडावा लागेल हे लिपीवरही अवलंबून असते. एरिक पेडरसन यांनी २००३ मध्ये तमिळ भाषकांचा अभ्यास मांडला. तमिळ लिपीत एकमेकांच्या आरशातील प्रतिमा असलेली अक्षरे नाहीत, आणि केवळ तमिळ वाचणारी माणसे आरशातील प्रतिमांचा भेद करण्यात निरक्षरांच्या जवळ जाणारी आढळली. रोमन लिपीही येणाऱ्यांना मात्र तो भेद सहज जाणवत होता. देवनागरीत ३ आणि ६ ही ठळक जोडी सोडली, तर गोंधळ वेगळ्या प्रकारचा असतो. म आणि भ, घ आणि ध, व आणि ब, प आणि ष, ड आणि ङ या जोड्यांमधला फरक एका गाठीचा, एका रेघेचा, एका टिंबाचा किंवा शिरोरेषेतल्या छोट्या खंडाचा आहे. कपावर एक ओरखडा पडला म्हणून तो दुसरा कप होत नाही, एवढेच मुलाच्या नजरेला ठाऊक असते. इथे मात्र एका रेघेने ‘वाट’ची ‘बाट’ होते. क्षुल्लक वाटणाऱ्या तपशिलाला महत्त्व द्यायला शिकणे हे देवनागरी शिकणाऱ्या मुलाचे मोठे काम आहे, आणि मुळाक्षरांचा तक्ता भिंतीवर टांगून रोज म्हणून घेतल्याने ते काम फारसे पुढे सरकत नाही.

ते पुढे सरकते हाताने. मारीएक लाँकांप आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तीन ते पाच वर्षांच्या ७६ मुलांना अक्षरे शिकवली. काहींना हाताने लिहून, काहींना कळफलकावर दाबून. त्यांतील मोठ्या वयाच्या मुलांना हाताने लिहिलेली अक्षरे नंतर अधिक चांगली ओळखता आली. कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांनी २०१२ मध्ये, अजून वाचायला न शिकलेल्या पाच वर्षांच्या मुलांवर, आणखी बारकाईचा प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांनी काही अक्षरे पाहून स्वतः काढली, काही ठिपक्यांवरून गिरवली आणि काही कळफलकावर दाबली. त्यानंतर ती अक्षरे नुसती पाहताना मुलांच्या मेंदूचे चित्रण केले, तेव्हा वाचनाशी निगडित जागा जागृत झाल्या त्या मुख्यतः स्वतः काढलेल्या अक्षरांना. गिरवलेल्या अक्षरांनी ते साधले नाही, हे वाचून मी थबकलो, कारण अक्षर शिकणे म्हणजे गिरवणे हे समीकरण आपल्या मनात पक्के बसलेले आहे.

असे का व्हावे? पहिले उत्तर सुचते ते हाताच्या हालचालीचे, पण गिरवतानाही हात हलतोच. जेम्स आणि त्यांच्या सहकारी ली यांनी २०१६ मध्ये पाच वर्षांच्या मुलांना अनोळखी ग्रीक अक्षरे सहा वेगवेगळ्या पद्धतींनी शिकवून या कोड्याचा माग काढला. काही मुलांनी एकाच छापील वळणाचे अक्षर पुन्हा पुन्हा पाहिले किंवा गिरवले. काहींनी तेच अक्षर अनेक वळणांत पाहिले, कोणाच्या तरी हस्ताक्षरात पाहिले किंवा गिरवले, अथवा स्वतः काढले. ज्यांच्या डोळ्यांसमोर एकाच अक्षराची अनेक, एकमेकांहून थोडी वेगळी रूपे आली, त्यांना ते अक्षर नंतर अधिक चांगले ओळखता आले. यामागची यंत्रणा अशी समजून घेता येईल. मूल म काढते, तेव्हा एकदा गाठ मोठी होते, एकदा दंड तिरका जातो, एकदा शिरोरेषा लांबते. दहा वेळा काढल्यावर त्याच्यासमोर दहा वेगवेगळे म असतात आणि मेंदूला त्या दहांमध्ये काय बदलते आणि काय बदलत नाही याचा हिशेब मांडावा लागतो. दंडाचा तिरपेपणा बदलतो, म्हणून तो सोडून द्यायचा. गाठ आणि अखंड शिरोरेषा मात्र प्रत्येक वेळी असते, म्हणून ती धरून ठेवायची. छापील पुस्तिकेतले दहा म तंतोतंत सारखे असतात, त्यामुळे त्यांतून असा हिशेब करायला साहित्यच मिळत नाही. ज्या वेड्यावाकड्या अक्षरांबद्दल मुलाला बोलणी बसतात, ती वेडीवाकडी अक्षरेच त्याचे शिक्षण असतात.

हे एकदा पटले, की घरगुती खेळांची निवड सोपी होते. ताटात पसरलेल्या कोरड्या वाळूत बोटाने अक्षर काढणे आणि ताट हलवून पुसून टाकणे हा खेळ मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण त्यात गिरवायला काही नसते आणि चूक जपूनही ठेवली जात नाही. जमिनीवर खडूने हातभर मोठे अक्षर काढून त्यावरून चालताना मूल वळणाची दिशा अंगाने अनुभवते, पण पुढच्या वेळी ते अक्षर त्यालाच काढू द्यावे. चिकणमातीच्या वळ्या करून आधी म बनवावा आणि त्याच मातीचा भ करायला काय बदलावे लागेल हे मुलाला शोधू द्यावे. सारखी दिसणारी अक्षरे दूरदूर ठेवण्यापेक्षा, एक पक्के झाल्यावर दुसरे त्याच्या शेजारी आणलेले बरे. जुन्या वर्तमानपत्रांतून, खोक्यांवरून आणि पाकिटांवरून एकच अक्षर शोधून, कापून, एका कागदावर चिकटवणे हा तर त्या प्रयोगाचा घरगुती अवतारच आहे, कारण पाच छापखान्यांतली पाच वळणे एका नजरेखाली येतात. गिरवणे सर्वस्वी टाकून द्यावे असे मी म्हणणार नाही. रेघ कोठून सुरू करायची हे दाखवण्यासाठी ते एक-दोनदा पुरे. त्यानंतर कागद कोरा हवा.

स्पर्शाचा विषय थोडा निराळा आहे आणि त्याची गल्लत करू नये. मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोममध्ये पहिले बालगृह सुरू केले आणि खरखरीत कागदाची कापलेली अक्षरे मुलांच्या बोटांखाली दिली. फ्रान्समध्ये फ्लोरेन्स बारा आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ही पद्धत तपासली, तेव्हा अक्षरे नुसती पाहणाऱ्या मुलांपेक्षा, पाहता पाहता त्यांवरून बोटही फिरवणाऱ्या मुलांना नवखे शब्द फोडून वाचणे अधिक जमले. इथे बोटाने अक्षराचा आकार आणि त्याचा आवाज यांची गाठ घालून दिली असावी: डोळा आकृती एकदम पाहतो, कान आवाज क्रमाने ऐकतो, आणि बोट आकृतीलाही क्रम देते. देजेरीन यांच्या रुग्णाचे बोट येथे आठवावे. म्हणून जाड पुठ्ठ्यावर खरखरीत कागदाचे अक्षर चिकटवून द्यावे, पण बोट फिरवताना त्या अक्षराचा उच्चार झालाच पाहिजे.

आवाजाच्या बाबतीत देवनागरीने मुलांचे काम हलके केले आहे, कारण क या अक्षराचे नाव आणि त्याचा उच्चार एकच आहे. ओठांसमोर कागदाची पातळ पट्टी धरून आधी ‘क’ आणि मग ‘ख’ म्हणायला सांगितले, तर ख ला पट्टी अधिक हलते आणि महाप्राण म्हणजे काय हे मुलाला तो शब्द न ऐकताच कळते. चित्रांच्या पत्त्यांविषयी मात्र सावध राहावे. ‘घ घराचा’ म्हणणारे मूल पुष्कळदा घराकडे पाहत असते, घ कडे नाही. चित्र अंगठ्याने झाकून पाहिले की हे लगेच उघड होते.

तान्ह्या बाळांना झरझर पत्ते दाखवून वाचायला शिकवण्याच्या जाहिरातींबद्दलही येथे स्पष्ट बोलले पाहिजे. सूझन न्यूमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये नऊ ते अठरा महिन्यांच्या ११७ बाळांवर अशा साहित्याची सात महिने चाचणी घेतली आणि बाळे वाचायला शिकली नाहीत. डोळ्यांवर पट्टी बांधून मुलांना ‘वाचायला’ लावणारे, मेंदूचा अमुक भाग जागृत करून देण्याचे दावे तर सरळ फसवणुकीचे आहेत. पट्टीच्या फटीतून दिसत नसेल, तर अक्षर वाचता येत नाही. त्याला अपवाद सिद्ध झालेला नाही.

मुळाक्षरे ओळखू लागली म्हणजे सारे झाले असे मात्र नाही. तीसहून अधिक व्यंजने आणि बाराखडीतली बारा रूपे यांचा गुणाकार चारशेच्या आसपास जातो, आणि त्यातही ‘कि’ लिहिताना जी वेलांटी उच्चारात मागून येते ती कागदावर आधी बसते. ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी २००२ मध्ये दाखवले, की अशी वेलांटी असलेले शब्द वाचायला हिंदी वाचकांना अधिक वेळ लागतो. मूल ‘कि’ लिहिताना आधी क काढून मग त्याच्या डावीकडे वेलांटी जोडत असेल, तर ते आवाजाचा क्रम पाळत आहे. पुठ्ठ्याचा क आणि वेगळी कापलेली वेलांटी हाती दिली, की ती कधी डावीकडे तर कधी उजवीकडे लावून, ‘कि’ आणि ‘की’ मोठ्याने म्हणत, तेच मूल तास-अर्धा तास रमते.