पट गेला आणि रिंग उरलं : ज्युदोपटूंच्या एका वाटेची पार्श्वभूमी

ज्युदोत पदक मिळवलेला खेळाडू ‘व्यावसायिक कुस्तीकडे वळला’ अशी बातमी आली की खान्देशात तिचा अर्थ हमखास चुकतो. कुस्तीवर पैसा घेणं इथे नवं नाही. यात्रेतल्या कुस्त्यांच्या दंगलीत लहान पोरांच्या रेवड्यांपासून शेवटच्या जोडीच्या इनामापर्यंत सगळा व्यवहार उघड असतो, पण ती कुस्ती निकाली, म्हणजे खरोखर लढून जिंकायची. बातमीतली कुस्ती दोरांच्या रिंगमधली, निकाल आधीच ठरलेली. ‘फ्री स्टाइल’ या शब्दानं घोळ आणखी वाढवला. पन्नास-साठच्या दशकांत अशाच ठरवलेल्या लढतींची जाहिरात ‘फ्री स्टाइल’ म्हणून व्हायची आणि ऑलिंपिकमधला निकाली प्रकारही फ्रीस्टाइलच.

ही वाट जपानमध्येच पडली. डिसेंबर 1954 मध्ये तिथला सर्वांत गाजलेला ज्युदोपटू एका माजी सुमो मल्लासमोर रिंगमध्ये उतरला. लढत बरोबरीत सोडवायचं ठरलं होतं असं ज्युदोपटूचं म्हणणं. प्रत्यक्षात त्यानं मार खाल्ला. 1964 च्या टोकियो ऑलिंपिकात खुल्या गटाचं सुवर्ण नेणारा डच खेळाडू 1973 मध्ये रिंगमध्ये आला. पुढे 1976 च्या माँट्रियलचा अमेरिकन कांस्यविजेता, 1992 च्या बार्सिलोनाचा जपानी रौप्यविजेता आणि 2008 च्या बीजिंगची अमेरिकन कांस्यविजेती हेही त्याच वाटेनं गेले.

मात्र आजचा ज्युदोपटू रिंगला इतका का शोभतो आणि मातीत का अडखळतो, हे कळायला 2010 चा नियम पाहावा लागतो. त्या वर्षी पायांवर थेट चढाई करणं बाद ठरलं. 2013 मध्ये उभ्या लढतीत पट्ट्याखाली हात लावणंच बंद झालं. हात लागला की खेळाडू बाद. 2017 पासून पहिल्या चुकीला फक्त शिदो, म्हणजे ताकीद, मिळू लागला, पण बंदी कायम राहिली. नियमाच्या बाजूनं बोलणारे सांगतात की खेळाडू कमरेत वाकून नुसते पाय शोधत होते, ज्युदो कुस्तीसारखा दिसायला लागला होता आणि ऑलिंपिकात दोन सारखे खेळ कोण ठेवणार? मुद्दा अगदीच खोटा नाही. पण किंमत कोणी मोजली ते पाहा. मोरोते-गारी म्हणजे आपला दुहेरी पट, दोन्ही पाय धरून पाडणं. कुचिकी-ताओशी हा एकेरी पटाचा भाऊ. काता-गुरुमा हा सरळसरळ कलाजंग, खांद्यांवर आडवं उचलून टाकणं; आता तो पायाला हात न लावता, वळसा घेऊन मारावा लागतो. तालमीतल्या पोरानं ज्युदोचा ड्रेस चढवला तरी पूर्वी त्याचा पट चालायचा. ती सोय एका नियमानं गेली.

उलट बाजूलाही तेच. बंदीनंतर शिकलेला ज्युदोपटू ताठ उभा राहतो, पाय उघडे ठेवतो. मातीत अंगावर बाही नाही, गळपट्टी नाही. घामानं आणि मातीनं निसरडा झालेला दंड तेवढा हाताला लागतो. तो पकड शोधेपर्यंत समोरचा पट काढून मोकळा. खाली गेल्यावर ज्युदोपटू सवयीनं पालथा होतो. ज्युदोत त्याला काही वेळ मिळतो, पंच उभंही करतात. कुस्तीत पालथा सापडला की सवारी आणि घिस्सा हे पालथ्याला चीत करायचे डाव. शिवाय ज्युदोत दाबून इप्पोन, म्हणजे पूर्ण विजय, मिळवायला 20 सेकंद लागतात. इथे दोन्ही खांदे टेकले की संपलं.

रिंगमध्ये मात्र ताठ उभं राहून मारलेली मोठी फेक म्हणजे चलनी नाणं. फक्त पडणं नव्यानं शिकावं लागतं. ज्युदोत एका कुशीवर पडतात, हात अंगापासून साधारण 45 अंशांवर आपटतात, हनुवटी छातीकडे. रिंगखाली फळ्या असतात, वर पातळ फोम आणि कॅनव्हास. तिथे पाठीचा वरचा भाग सपाट टेकवायचा, दोन्ही हात एकदम आपटायचे आणि श्वास सोडायचा. कुशीवर पडायची सवय राहिली तर कोपर नाहीतर खांदा आधी लागतो. दुसरी चूक याहून महागात पडते. ज्युदोत फेकणारा बाही सोडत नाही आणि स्वतःचं वजनही समोरच्यावर टाकतो. रिंगमध्ये असं केलं तर जोडीदाराच्या बरगड्या जातात. भार स्वतःच्या हात-गुडघ्यांवर घ्यावा लागतो.

खान्देशात दोन्ही वाटांपेक्षा पटच जुना. 1962 ची महाराष्ट्र केसरी धुळ्यात झाली, 1966 ची जळगावात. 2014 ते 2016 असा सलग तीनदा तो किताब चाळीसगाव तालुक्यातल्या मल्लानं घेतला. इथला पोरगा आधी पट शिकतो, ज्युदो नंतर. त्यामुळे स्पर्धेत तो हरतो तेव्हा बहुधा फेकीत कमी पडलेला नसतो. हात आपोआप गुडघ्याकडे जातो, आणि बाद व्हायला तीन शिदो पुरतात. लढत चार मिनिटांची. पट हाडात मुरलेला असेल तर पहिलं मिनिटही भरत नाही.