लो-कार्ब की लो-फॅट : दीडशे वर्षांच्या वादाची पार्श्वभूमी

वजन उतरवायचं तर साखर आणि पिष्टमय पदार्थ, म्हणजे कर्बोदकं (लो-कार्ब), तोडायचे की तेल-लोणी (लो-फॅट)? हा वाद कर्बोदकं जवळजवळ बंद करणाऱ्या कीटो आहाराच्या लाटेबरोबर सुरू झाला असं अनेकांना वाटतं. तो दीडशे वर्षांहून जुना आहे, आणि सुरुवात लो-कार्बच्या बाजूनेच झाली होती.

विल्यम बँटिंग हे लंडनमधले अंत्यसंस्कार व्यावसायिक. राजघराण्याचे अंत्यविधीही त्यांच्या पेढीकडे असत. साठी उलटली तेव्हा त्यांचं वजन २०२ पौंड, म्हणजे ९२ किलोच्या आसपास होतं. वाकून बुटाची नाडी बांधता येईना. गुडघ्यांना हिसका बसू नये म्हणून जिना उलट पावलांनी उतरावा लागे. ऐकू कमी येतं म्हणून ते विल्यम हार्वे या कानाच्या डॉक्टरांकडे गेले. हार्वेंनी पॅरिसमध्ये क्लोद बर्नार या शरीरक्रियाशास्त्रज्ञांची यकृत आणि मधुमेहावरची मांडणी ऐकली होती. त्यांनी ब्रेड, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे बंद करायला सांगितलं. वर्षभरात ४६ पौंड उतरले, आणि १८६३ मध्ये बँटिंगनी हा अनुभव स्वखर्चाने छापून लोकांना वाटला.

विसाव्या शतकाच्या मध्यावर पारडं फिरलं. कारण लठ्ठपणा नव्हता, हृदयविकार होता. २४ सप्टेंबर १९५५ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांना हृदयविकाराचा झटका आला आणि कोलेस्टेरॉल घरोघरी चर्चेत आलं. अ‍ॅन्सेल कीज या अमेरिकन शरीरक्रियाशास्त्रज्ञांचं म्हणणं होतं की संपृक्त चरबीमुळे (लोणी, तूप, मांस यांतली) रक्तातलं कोलेस्टेरॉल वाढतं आणि त्यातून हृदयविकार. १९५८ मध्ये त्यांचा सात देशांचा अभ्यास सुरू झाला. १९६१ मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने संपृक्त चरबीऐवजी वनस्पती तेलं वापरण्याचा सल्ला दिला.

हा सल्ला आज सरसकट खोटा ठरवला जातो, ते मला अन्यायाचं वाटतं. संपृक्त चरबीच्या जागी असंपृक्त तेलं घेतली की एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल उतरतं, हे आजही खरं आहे. घोटाळा पुढे झाला. कोणती चरबी, हा मुद्दा गळून पडला आणि ‘चरबी वाईट’ एवढंच उरलं. १९७७ मध्ये सिनेटर मॅकगव्हर्न यांच्या समितीने चरबी एकूण कॅलरींच्या ३० टक्क्यांवर आणा आणि कर्बोदकं ५५ ते ६० टक्क्यांपर्यंत वाढवा, असं सुचवलं. त्याच अहवालात साखर कमी करा असंही होतं, पण त्यावर तेवढा भर राहिला नाही. १९९२ च्या अन्न-पिरॅमिडचा पाया ब्रेड, भात, पास्ता आणि इतर धान्यांचा होता. बाजार लो-फॅट बिस्किटांनी आणि गोड दह्यांनी भरला. काय काढायचं ते लोकांना कळलं होतं. त्या जागी काय खायचं, हे बाजाराने ठरवलं.

साखरेवर बोट ठेवणारेही होते. ब्रिटनचे आहारशास्त्रज्ञ जॉन युडकिन यांनी १९७२ मध्ये साखरेविरुद्ध पुस्तक लिहिलं, त्याच वर्षी न्यू यॉर्कचे डॉ. रॉबर्ट अ‍ॅटकिन्स यांनी आपला लो-कार्ब आहार लोकांपुढे आणला. दोघांनाही वैद्यकविश्वाने फारसं जवळ केलं नाही. साखर उद्योगाने पैसे देऊन हार्वर्डच्या संशोधकांकडून चरबीकडे बोट दाखवणारा आढावा लिहून घेतला होता. तो १९६७ मध्ये छापून आला. व्यवहार उघड व्हायला २०१६ उजाडलं.

मग प्रत्यक्ष चाचण्या आल्या. २००६ मध्ये ४८,८३५ अमेरिकन महिलांच्या चाचणीचे निकाल लागले. आठेक वर्षं चरबी कमी करूनही हृदयविकाराचं प्रमाण लक्षणीय घटलं नव्हतं. लो-कार्बवाल्यांनाही निर्विवाद विजय मिळाला नाही. २००३ च्या एका चाचणीत सहा महिन्यांना अ‍ॅटकिन्स आहार पुढे होता, वर्षअखेरीस फरक मिटला. लो-कार्बच्या पहिल्या आठवड्यांत काटा झपकन खाली येतो, त्यात पाण्याचा वाटा मोठा असतो: शरीरातला ग्लायकोजेनचा (साठवलेल्या कर्बोदकांचा) साठा संपतो आणि प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणीही जातं.

माझ्या मते सगळ्यात शिकवणारी चाचणी स्टॅनफर्डची, २०१८ ची. ६०९ माणसं, वर्षभर. आधी दिवसाला २० ग्रॅम चरबी किंवा २० ग्रॅम कर्बोदकांपर्यंत उतरायचं, मग निभेल एवढं हळूहळू वाढवायचं. दोन्ही गटांना एक सूचना समान होती: भाज्या भरपूर, साखर आणि मैदा कमीत कमी, शक्यतो घरी शिजवलेलं. लो-फॅट गटाचं सरासरी ५.३ किलो उतरलं, लो-कार्बचं ६ किलो. हा फरक नगण्य ठरला. पण एकाच गटात कुणाचं वीस-पंचवीस किलोंनी उतरलं, तर कुणाचं उलट वाढलं. कुणाला कोणता आहार मानवेल हे जनुकांवरून किंवा इन्सुलिनच्या पातळीवरून सांगता येईल, ही आशाही फोल ठरली.

रक्ततपासणीत मात्र दोन्ही वाटा वेगळ्या दिसतात. लो-कार्बने ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) उतरतात आणि एचडीएल, म्हणजे ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल वाढतं, लो-फॅटने एलडीएल जास्त उतरतं. टाइप २ मधुमेहात कर्बोदकं कमी केल्याने रक्तातली साखर आटोक्यात यायला मदत होते. मात्र इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांकडून डोस बदलून घेतल्याशिवाय हे करू नये, साखर एकदम खाली जाऊ शकते.

अलीकडे संशोधनाचा रोख बदलला आहे. २०१९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केविन हॉल यांनी २० जणांना ठेवून घेतलं: दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं (कारखान्यात तयार झालेलं) अन्न, दोन आठवडे साधं. ताटात वाढलेली चरबी, कर्बोदकं, साखर आणि तंतू दोन्हीकडे सारखेच. खायचं मात्र मनाला येईल तेवढं. प्रक्रिया केलेल्या अन्नावर असताना तीच माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती, आणि दोन आठवड्यांत त्यांचं वजन जवळपास एक किलोने वाढलं.