जमिनीखालचं टाकं: खड्डा सोपा, गिलावा अवघड

छपरावरचं पावसाचं पाणी जमिनीखाली साठवणं ही कोणा एका देशाची युक्ती नाही. जिथे नदी लांब, विहीर खारी किंवा झरा बेभरवशाचा, तिथे लोकांनी आपापल्या बळावर हाच मार्ग धरला. जमिनीखाली ऊन पोचत नाही. त्यामुळे पाणी वाफ होऊन उडत नाही आणि शेवाळही धरत नाही.

खणणं कधीच फार अवघड नव्हतं. खणलेल्या खड्ड्यात पाणी टिकवणं अवघड होतं. कान्हेरीसारखा एकसंध कातळ मिळाला तर टाकं थेट कोरता येई. असं टाकं खोदवणाऱ्या दात्यांची नावं तिथल्या शिलालेखांत आजही वाचता येतात. माती असेल तिथे मात्र सगळी मदार गिलाव्यावर. रोमन गवंडी चुन्यात विटा-कौलांचा चुरा कालवत. तो गिलावा ओलाव्यातही घट्ट होई.

मला सगळ्यात थोर वाटते ती व्हेनिसची रीत. चहूबाजूंनी खारं पाणी, म्हणून चौकाखाली खोल खड्डा घेऊन त्याला आतून चिकणमातीचा जाड थर देत, मग तो वाळूने भरत. मधोमध विटांचा उभा कूप. फरसबंदीतल्या दगडी जाळ्यांमधून पाऊस आत उतरे, वाळूतून गाळला जाई आणि कुपात झिरपे. म्हणजे टाकं आणि गाळणी एकच. 1884 मध्ये नळाचं पाणी आलं आणि हे कूप मागे पडले.

नळाने बहुतेक शहरांत हेच केलं. बर्म्युडात मात्र टाकं टिकलं, कारण तिथे नदीच नाही. चुन्याने पांढरी केलेली पायऱ्यापायऱ्यांची छपरं, घराखाली टाकं, आणि त्यामागे कायद्याची सक्ती.

दरम्यान साहित्य बदललं. जोसेफ ॲस्पडिनने 1824 मध्ये पोर्टलँड सिमेंटचं पेटंट घेतलं, पुढे सळई घातलेलं काँक्रीट आलं, आणि अलीकडे एकसंध साच्यातली प्लॅस्टिकची टाकी. गळतीचा जुना प्रश्न त्यांनी जवळपास मिटवला, पण त्या हलक्या असतात. भूजल वर आलं आणि टाकी रिकामी असली, तर खालचं पाणी तिला उचलून जमिनीबाहेर काढतं. म्हणून भूजल उथळ असेल तिथे आधी काँक्रीटचा तळ ओततात आणि टाकी पट्ट्यांनी त्याला जखडून मगच माती लोटतात.