मायामी डॉल्फिन्सचा १९७२ चा अपराजित हंगाम

मायामी डॉल्फिन्स या व्यावसायिक अमेरिकी फुटबॉल संघाने १९७२ च्या हंगामात साखळीतले १४ आणि बाद फेरीतले ३ असे सतराच्या सतरा सामने जिंकले. नॅशनल फुटबॉल लीगच्या (एनएफएल) इतिहासात पहिल्या सामन्यापासून सुपर बोल या अंतिम सामन्यापर्यंत एकदाही न हरता आणि एकही सामना बरोबरीत न सोडता विजेता ठरलेला हा एकमेव संघ. अमेरिकेत ‘परफेक्ट सीझन’ म्हटले की कोणत्या संघाचा, हे विचारावे लागत नाही.

नावात फुटबॉल असले तरी या खेळात लाथेचे काम थोडेच. चेंडू हातात धरून पळायचे किंवा फेकायचा, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे आणि तेवढे जमले नाही तर चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हवाली करायचा. आक्रमणाची सगळी सूत्रे क्वार्टरबॅककडे असतात. तो जायबंदी झाला की बहुतेक संघांचा हंगाम आटोपल्यात जमा असतो. डॉल्फिन्सचा क्वार्टरबॅक पाचव्याच सामन्यात जायबंदी झाला होता.

डॉल्फिन्स संघ १९६६ मध्ये सुरू झाला. पहिली काही वर्षे तो मार खाणारा संघ म्हणूनच ओळखला गेला. १९६९ मध्ये तर १४ पैकी फक्त ३ सामने जिंकले. १९७० मध्ये बाल्टिमोर कोल्ट्सचे प्रशिक्षक डॉन शूला मायामीत आले आणि त्याच वर्षी विजयांचा आकडा १० वर गेला. पुढच्या हंगामात संघ सुपर बोलपर्यंत पोहोचला, पण तिथे डॅलस काउबॉइजने त्याला २४-३ असे लोळवले. शूला यांच्या पदरात पडलेला हा सुपर बोलमधला दुसरा पराभव. त्याआधी, जानेवारी १९६९ मध्ये, सर्वांनी विजेते ठरवून टाकलेल्या त्यांच्या कोल्ट्सना न्यूयॉर्क जेट्सने १६-७ असे हरवले होते. मोठा सामना आला की शूला हरतात, असे बोलले जाऊ लागले होते.

१७ सप्टेंबर १९७२ रोजी कॅन्सस सिटीच्या नव्याकोऱ्या ॲरोहेड स्टेडियमवर २०-१० असा विजय मिळवून हंगामाची सुरुवात झाली. तिसऱ्या सामन्यात मिनेसोटा व्हायकिंग्जविरुद्ध संघ १४-६ असा मागे पडला होता. सायप्रसमध्ये जन्मलेल्या गॅरो येप्रेमियनने ५१ यार्डांवरून फील्ड गोल मारला, म्हणजे चेंडू लाथेने खांबांमधून घालवून तीन गुण मिळवले, शेवटच्या दोन मिनिटांत एक टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेणे) झाला आणि सामना १६-१४ असा वाचला. जेमतेम वाचलेले असे सामने या हंगामात आणखीही आहेत. बफेलो बिल्सविरुद्ध तर फरक एकाच गुणाचा होता, २४-२३.

१५ ऑक्टोबरला सॅन डिएगो चार्जर्सविरुद्ध क्वार्टरबॅक बॉब ग्रीसीचा पाय मोडला. त्याच्या जागी आला ३८ वर्षांचा अर्ल मोरॉल. कोल्ट्सने त्याला मोकळे केल्यावर डॉल्फिन्सने अवघ्या १०० डॉलर शुल्कात त्याला घेतले होते. शूला त्याला चांगले ओळखत होते. १९६८ मध्ये कोल्ट्सचा जॉनी युनिटास जायबंदी झाला तेव्हा याच मोरॉलने संघ सांभाळला आणि हंगामातील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. पण जेट्सविरुद्धच्या त्या सुपर बोलमध्ये त्याने तीन वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात फेकला. म्हणजे एका जुन्या पराभवाचे दोन्ही भागीदार पुन्हा एकत्र आले होते. मोरॉल साखळीतल्या उरलेल्या नऊ आणि बाद फेरीतल्या पहिल्या दोन सामन्यांत सुरुवातीपासून खेळला आणि ते सगळे संघाने जिंकले. जेट्सविरुद्ध २८-२४ असा जिंकलेल्या सामन्यात तर या वयस्कर गृहस्थाने स्वतः ३१ यार्ड पळत टचडाउन केला.

अर्थात मोरॉलला फारसे फेकावे लागत नव्हते. संघाचा भर पळण्यावर होता. लॅरी झोंका समोरच्याला अंगावर घेत मधोमध घुसायचा, तर मर्क्युरी मॉरिस बगलेतून निसटायचा. झोंकाने १,११७ यार्ड कमावले. मॉरिसचे आधी ९९१ मोजले गेले होते. चित्रफीत पुन्हा तपासल्यावर कापलेले ९ यार्ड त्याला परत मिळाले आणि आकडा बरोबर १,००० झाला. एकाच संघातल्या दोघांनी हजाराचा टप्पा गाठण्याची ती पहिलीच वेळ होती. लीगने त्याच वर्षी मैदानावरच्या हॅश खुणा, म्हणजे प्रत्येक प्रयत्नासाठी चेंडू कुठे ठेवायचा हे ठरवणाऱ्या रेषा, आत सरकवल्या होत्या. त्यामुळे दोन्ही बाजूंना पळायला जागा वाढली आणि लीगभर पळणाऱ्यांचे दिवस आले. मायामीने त्याचा फायदा इतरांपेक्षा जास्त घेतला, एवढे खरे.

बचावाला ‘नो-नेम डिफेन्स’ म्हणत. डॅलसचे प्रशिक्षक टॉम लँड्री यांनी आदल्या वर्षी या खेळाडूंची नावे आठवत नसल्याचे सांगितले होते, त्यावरून हे बिरुद चिकटले. बचावाची आखणी बिल आर्न्सपार्गर यांची आणि कप्तानी निक बुऑनिकॉन्टीची. साखळीत संघाने ३८५ गुण केले आणि १७१ दिले. दोन्ही आकडे लीगमध्ये सर्वोत्तम होते.

बाद फेरीत क्लीव्हलँड ब्राउन्सविरुद्ध चौथ्या सत्रात पिछाडीवर पडूनही डॉल्फिन्स २०-१४ असे जिंकले. पुढची लढत पिट्सबर्ग स्टीलर्सशी होती, तीही पिट्सबर्गमध्ये. १४-० असलेल्या संघाने परगावी का जावे, असा प्रश्न आजच्या प्रेक्षकाला पडेल. पण तेव्हा घरचे मैदान विजयांवरून नव्हे, पाळीने ठरत असे. ७-० अशी पिछाडी असताना लॅरी साइपल पंट करायला, म्हणजे चेंडू लाथेने लांब टोलवायला, उभा राहिला. समोरचे खेळाडू पाठ फिरवून मागे धावताना दिसताच त्याने चेंडू न मारता काखोटीला मारला आणि ३७ यार्ड पळाला. त्यातून टचडाउन झाला. उत्तरार्धात शूलांनी मोरॉलला बसवून बऱ्या झालेल्या ग्रीसीला उतरवले आणि सामना २१-१७ असा जिंकला. अकरा विजय मिळवून देणाऱ्याला बाहेर काढणे सोपे नव्हते. निर्णय क्रूर वाटतो, पण तो चुकला नाही.

सातवा सुपर बोल १४ जानेवारी १९७३ रोजी लॉस एंजेलिसच्या मेमोरियल कोलिसियममध्ये ९०,१८२ प्रेक्षकांसमोर झाला. समोर जॉर्ज ॲलन यांचा वॉशिंग्टन रेडस्किन्स होता आणि सट्टेबाजांचा कौल, सोळा विजयांनंतरही, किंचित वॉशिंग्टनच्याच बाजूने होता. प्रत्यक्षात मायामीने सामना १४-० असा मुठीत ठेवला होता. जेक स्कॉटने दोनदा प्रतिस्पर्ध्यांची फेक अडवून पकडली आणि सामनावीर ठरला. दोन-एक मिनिटे उरली असताना येप्रेमियन फील्ड गोल मारायला आला. तो यशस्वी झाला असता तर १७ विजयांच्या हंगामाची अखेर १७-० या धावफलकाने झाली असती. फटका अडला, चेंडू उसळून येप्रेमियनकडेच आला आणि त्याला तो फेकण्याची बुद्धी झाली. चेंडू हातातून निसटला, त्याने तो वर टोलवला आणि वॉशिंग्टनच्या माइक बासने झेलून थेट टचडाउन केला. १४-७. इतक्या शिस्तीच्या हंगामातले हे सर्वांत अधिक आठवले जाणारे दृश्य असावे, हा योग विचित्रच. बचावाने उरलेला वेळ काढला.

या विक्रमावर नेहमीचा आक्षेप असा की वेळापत्रक सोपे होते. साखळीतल्या प्रतिस्पर्ध्यांपैकी कॅन्सस सिटी आणि न्यूयॉर्क जायंट्स या दोघांनीच हंगामात पराभवांपेक्षा जास्त विजय मिळवले होते. आक्षेप खोटा नाही. पण सोपे वेळापत्रक अनेकांना मिळाले आहे. शिकागो बेअर्स १९३४ आणि १९४२ मध्ये साखळीत अपराजित राहूनही अंतिम सामना हरले. १९७३ मध्ये खुद्द डॉल्फिन्स दुसऱ्याच सामन्यात ओकलंड रेडर्सकडून १२-७ असे हरले, जरी त्या वर्षीचे विजेतेपदही त्यांनीच पटकावले. १९८५ च्या बलाढ्य शिकागो बेअर्सला हंगामात एकच पराभव पत्करावा लागला, तो मायामीतच, ३८-२४ असा. न्यू इंग्लंड पेट्रियट्स २००७ च्या हंगामात १८-० पर्यंत पोहोचले आणि फेब्रुवारी २००८ मध्ये सुपर बोलमध्ये जायंट्सकडून १७-१४ असे हरले.

या संघाला व्हाइट हाउसचे आमंत्रण मिळाले ते ऑगस्ट २०१३ मध्ये, बराक ओबामांच्या कारकिर्दीत, म्हणजे चाळीस वर्षांनी. मोरॉल २०१४ मध्ये वारला. त्याच्या मेंदूत डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांमुळे होणारा सीटीई हा विकार आढळला. शूला २०२० मध्ये गेले, तेव्हा ३४७ विजयांचा त्यांचा प्रशिक्षक म्हणूनचा विक्रम अबाधित होता. दरवर्षी लीगमधला शेवटचा अपराजित संघ हरला की १९७२ चे डॉल्फिन्स एकत्र जमून शॅम्पेन फोडतात, अशी आख्यायिका आहे. शूलांनी ती वेळोवेळी फेटाळली. पण शेजारी राहणाऱ्या एक-दोन खेळाडूंनी तसे एकदा केले होते, आणि वर्तमानपत्रांना तेवढे पुरले.