रोहिंग्या निर्वासित छावण्यांतील आरोग्य

बांगलादेशातील कॉक्स बाजार जिल्ह्याच्या उखिया आणि टेकनाफ या उपजिल्ह्यांत रोहिंग्यांच्या, म्हणजे म्यानमारमधून आलेल्या अल्पसंख्य मुस्लिम समाजाच्या, ३३ छावण्या आहेत. ऑगस्ट २०१७मध्ये म्यानमारच्या राखाइन प्रांतात लष्कराने गावेच्या गावे जाळली, तेव्हा काही महिन्यांत सात लाखांहून अधिक माणसे सीमा ओलांडून आली. आधीचे आणि नंतरचे धरून आज ही वस्ती दहा लाखांहून अधिक आहे. झाडी तोडलेल्या टेकड्यांवर बांबू-ताडपत्रीची खोपटी एकमेकांना खेटून उभी आहेत.

इथल्या आजारांची मुळे मात्र छावणीच्या आधीची आहेत. म्यानमारच्या १९८२च्या कायद्याने बहुतेक रोहिंग्यांचे नागरिकत्व नाकारले गेले. परगावी जायला परवाना लागत असल्याने मोठे रुग्णालय गाठणे अवघड होते आणि असंख्य मुले लसीवाचून वाढली. त्याची किंमत नोव्हेंबर २०१७पासून पसरलेल्या घटसर्पाच्या (डिप्थीरियाच्या) साथीत मोजावी लागली. ८,००० हून अधिक संशयित रुग्ण आढळले, ४० हून अधिक दगावले. या आजारावरचे प्रतिविष तेव्हा जगभरातच अपुरे होते. पटकीची (कॉलराची) तोंडावाटे द्यायची लस त्याच वर्षी ऑक्टोबरात लाखो लोकांना देण्यात आली होती आणि पटकीची मोठी साथ त्या काळात टळली, हे यश विसरता येणार नाही.

यकृत पोखरणारा हेपॅटायटिस सी तर वर्षानुवर्षे लपून राहतो. २०२३च्या पाहणीत पाहिलेल्या छावण्यांमधील दर पाच प्रौढांपैकी जवळपास एकाला त्याचा सक्रिय संसर्ग आढळला. निर्जंतुक न केलेल्या सुया आणि उपकरणे हे त्यामागचे संभाव्य कारण मानले जाते.

आरोग्यज्ञानाचा प्रश्न इथे बराचसा भाषेचा आहे. रोहिंग्या बोली स्थानिक बांगलादेशी बोलतात त्या चाटगावच्या बोलीला जवळची आहे, पण एक नाही, आणि तेवढ्याने दवाखान्यात घोटाळा होतो. जुलाबाला रोहिंग्यात ‘गा-लामानी’ म्हणतात, शब्दशः अंग खाली जाणे. पाळीसाठी बायका ‘गुसोल’, म्हणजे आंघोळ, असा आडपडद्याचा शब्द वापरतात. आपल्याकडे ‘बाजूला बसणे’ म्हणतात, तसेच ते. हे न कळणाऱ्याला बाई काय सांगते आहे ते समजणारच नाही. म्हणून छावणीतूनच निवडलेले, घरोघर फिरणारे रोहिंग्या स्वयंसेवक इथल्या आरोग्यव्यवस्थेचा खरा आधार आहेत. बाळंतपणासाठी अनेक घरांत अजूनही दाईलाच बोलावतात.

एवढे करूनही ‘अज्ञानामुळे आजार’ हे सोपे निदान इथे चुकीचे ठरते. खरजेचेच पाहावे. २०२३मध्ये काही छावण्यांत सुमारे ४० टक्के लोकांना खरूज होती. कपडे-अंथरुणे धुवावीत, सगळ्या घराने एकदम औषध घ्यावे, हे आयांना ठाऊक असते. पण एका खोपटात पूर्ण कुटुंब दाटीने झोपते, पाणी मोजके मिळते, आणि बरे झालेले मूल शेजारच्या मुलाकडून पुन्हा खाजवत येते. अखेर त्या वर्षाच्या शेवटी रुग्ण-निरोगी असा भेद न करता सरसकट औषध देण्याची मोहीम हाती घ्यावी लागली.