वापरलेले प्रायमर

काडतुसाच्या बुडाशी बसवलेली, बंदुकीच्या घोड्याच्या खिळीचा आघात होताच पेट घेऊन आतली दारू पेटवणारी धातूची लहानशी टोपी म्हणजे प्रायमर. गोळी सुटल्यावर मागे उरलेली पुंगळी अनेकदा पुन्हा भरून वापरतात. प्रायमर मात्र एकदाच कामी येतो. त्यातला स्फोटक थर जळून गेलेला असतो आणि टोपीला खोल खड्डा पडलेला असतो. टंचाईच्या काळात टोपी ठोकून सरळ करून पुन्हा भरण्याचे प्रयोग होतात, पण घर्षणाने किंवा अंगावरच्या स्थिर विजेनेही भडकणारे पदार्थ त्यासाठी हाताळावे लागतात. बोटे आणि डोळे गमावण्याचा तो धंदा आहे.

आज प्रचलित असलेले प्रायमर दोन घडणींचे असून दोन्हींचा उगम 1860 च्या दशकातला. इंग्लंडच्या एडवर्ड बॉक्सर यांच्या घडणीत ऐरण, म्हणजे आघात होताच स्फोटक थर ज्यावर चिरडला जातो तो धातूचा टेकू, प्रायमरमध्येच असते आणि पुंगळीच्या तळाला मधोमध एकच छिद्र असते. त्यातून सुई घालून जुना प्रायमर सहज बाहेर ढकलता येतो. अमेरिकेच्या हायरम बर्डन यांच्या घडणीत ऐरण पुंगळीचाच भाग असते, छिद्रे बहुधा दोन आणि बाजूला असतात, त्यामुळे प्रायमर काढणे जिकिरीचे होते. गंमत अशी, की बॉक्सरची घडण अमेरिकेत रुजली आणि बर्डनची युरोपात.

सुरुवातीच्या प्रायमरमध्ये पाऱ्याचे फल्मिनेट आणि पोटॅशियम क्लोरेट असे. पाऱ्यामुळे पितळ ठिसूळ होऊन पुंगळी पुनर्वापरातून बाद होई, तर क्लोरेटपासून उरणारा क्षार ओल धरून बंदुकीची नळी गंजवी. विसाव्या शतकात त्यांची जागा लेड स्टिफनेट (शिशाचे एक स्फोटक संयुग), बेरियम नायट्रेट आणि अँटिमनी सल्फाइड यांच्या मिश्रणाने घेतली. गंज थांबला, पण शिसे आले.

प्रायमर काढताना टोपीसोबत काळसर भुकटीही खाली पडते. तिच्यात शिशाचे अतिशय बारीक कण असतात. शिशाच्या गोळीपेक्षा ही भुकटी अधिक घातक म्हणावी लागेल, कारण ती श्वासातून आणि न धुतलेल्या हातांवरून पोटात जाते. पुंगळ्या कोरड्या भुशात घोळवून साफ केल्या तर भुसाही दूषित होतो आणि तो चाळताना धूळ उडते. पाण्यात घोळवल्यास धूळ उडत नाही, मात्र ते गढूळ पाणी शिसेयुक्त असते. सांडलेली भुकटी झाडू नये, ओल्या फडक्याने टिपावी.

धातू म्हणून या टोप्यांना भंगारात मोल आहे, कारण टोपी आणि ऐरण बहुधा पितळेची असते. निकेलचा मुलामा असलेल्या टोप्या अनेकदा वेगळ्या काढतात. मोठा धोका असतो तो न उडालेल्या प्रायमरचा. भट्टीत तो फुटून वितळता धातू उडवू शकतो. तेलात किंवा पाण्यात बुडवल्याने प्रायमर निकामी होतो हा समज भरवशाचा नाही. वाळल्यावर तो पुन्हा पेटू शकतो. म्हणून खड्डा नसलेली टोपी भंगारात जाऊ देत नाहीत. खड्डा असूनही न पेटलेली टोपी नजरेतून सुटते, ती अधिक फसवी.

शिसे, बेरियम आणि अँटिमनी एकाच कणात एकवटलेले सापडणे हा न्यायवैद्यक तपासणीत गोळीबाराचा महत्त्वाचा पुरावा मानला जातो. शिसेविरहित प्रायमर आल्यावर ही खूण पुसट झाली. त्यांतील काहींच्या अवशेषांत जस्त आणि टायटॅनियम आढळते, आणि तपासनिसांना आता तेही शोधावे लागते.