‘नून’ : नवव्या तासाचे बारा कसे वाजले

इंग्रजी शिकणाऱ्या मुलाला ‘नून’ म्हणजे दुपारचे बारा एवढेच सांगितले जाते. त्या शब्दाच्या पोटात ‘नऊ’ हा आकडा आहे, हे सहसा सांगितले जात नाही. लॅटिन भाषेत ‘नोना होरा’ म्हणजे नववा तास, आणि त्यातील ‘नोना’ जुन्या इंग्रजीत ‘नोन’ होऊन आला. रोमन लोक सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंतच्या काळाचे बारा सारखे भाग करीत, त्यामुळे सहावा तास मध्यान्हाला आणि नववा तास आजच्या हिशेबाने तीनच्या सुमारास पुरा होई. दिवस लहानमोठा होईल तसे हे तासही लहानमोठे होत. रोममध्ये भर उन्हाळ्यात एक तास सुमारे 75 मिनिटांचा, तर थंडीत जेमतेम 45 मिनिटांचा भरे. स्पॅनिश लोकांची दुपारची झोप, म्हणजे ‘सिएस्ता’, हा शब्दही याच मोजणीतील सहाव्या तासावरून आलेला आहे.

मग तीनचे बारा कसे झाले? ख्रिस्ती मठांत नवव्या तासाची एक प्रार्थना असे आणि उपवासाच्या दिवशी ती आटोपल्यावरच जेवण मिळे. प्रार्थनेची व तिच्यामागून येणाऱ्या जेवणाची वेळ हळूहळू अलीकडे सरकत गेली आणि तिच्याबरोबर शब्दही सरकला, असे सामान्यतः मानले जाते. पोटातील भुकेने घड्याळ पुढे ओढले, म्हणा ना! चौदाव्या शतकापर्यंत ‘नून’चा मध्यान्ह हा अर्थ रूढ झाला होता. पुढे त्यातील ऐन मध्याची कल्पना इतकी बळावली, की सतराव्या शतकातील इंग्रजी कवितेत मध्यरात्रीलाही रात्रीचा ‘नून’ म्हटलेले आढळते.

आपली ‘दुपार’ याच्या नेमकी उलट वागली. ‘द्विप्रहर’ या संस्कृत शब्दापासून ती आली. प्रहर तीन तासांचा, म्हणून सूर्योदयानंतर दोन प्रहर झाले की मध्यान्ह, हा हिशेब चोख आहे. मात्र बोलण्यात ही दुपार चार वाजेपर्यंत पसरली, आणि नेमके बारा सांगायचे तर ‘भर दुपारी’ असे विशेषण जोडावे लागते.

खगोलशास्त्राचा मध्यान्ह मात्र घड्याळाला विचारत नाही. सूर्य त्या ठिकाणच्या याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे डोक्यावरून उत्तर-दक्षिण जाणाऱ्या आकाशातील काल्पनिक रेषेवर, येतो आणि सावली दिवसातील सर्वांत आखूड होते, तो क्षण म्हणजे मध्यान्ह. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. भारतीय प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशावरची आहे आणि मुंबई त्याच्या पश्चिमेला जवळजवळ पावणेदहा अंशांवर असल्याने तेथे मध्यान्ह सरासरीने 12 वाजून 39 मिनिटांनी होतो, तर नागपुरात 12 वाजून 14 मिनिटांनी. ‘सरासरीने’ म्हणण्याचे कारण असे, की पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार आहे आणि तिचा अक्ष कललेला आहे. या दोहोंमुळे मध्यान्ह वर्षभर मागेपुढे होत राहतो. मुंबईत तो नोव्हेंबरच्या आरंभी 12 वाजून 22 मिनिटांच्या आसपास येतो आणि फेब्रुवारीच्या मध्यास 12 वाजून 53 मिनिटांपर्यंत लांबतो. मे महिन्याच्या मध्यास ‘शून्य सावली’, म्हणजे सूर्य थेट डोक्यावर येऊन सावली पायाखाली नाहीशी होण्याचा क्षण, पाहण्यासाठी बाराच्या ठोक्याला गच्चीवर जाणाऱ्या मुंबईकराला म्हणूनच अर्ध्या तासाहून अधिक काळ उन्हात ताटकळावे लागते. जुलैअखेरीस हा योग पुन्हा येतो, पण तेव्हा ढगांपुढे इलाज नसतो.

हा 39 मिनिटांचा फरक एकेकाळी मुंबईच्या अभिमानाचा विषय होता. देशात प्रमाणवेळ 1906 मध्ये लागू झाली, तरी शहराने स्वतःची ‘मुंबई वेळ’ 1955 पर्यंत जपली. तिच्या घड्याळात बारा वाजत तेव्हा सूर्य, दहापंधरा मिनिटांच्या फरकाने का होईना, खरोखर माथ्यावर असे.